रिक्लायनर परत करण्याबाबत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
काल खुर्ची घेतली. साधी नाही, रिक्लायनर. बाजूचा दांडा ओढला की पाय वर आणि डोकं मागे. मोठी वस्तू घेतली की नोंद हवी, म्हणून ही वही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं हेच केलं.
दुकानातला टायवाला सेल्समन सज्जन वाटला. पाऊण तास बसू दिलं. काका, कंबर काय म्हणतेय, असं विचारलं. माझ्या कंबरेची चौकशी कुणी केल्याला बरीच वर्षं झाली. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग सही केली.
खुर्ची तशी हिच्यासाठीच. दिवसभर शिवणकाम करून हिची पाठ भरून येते. अजून हिला सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
खुर्ची आली. दोन हमाल, दोन जिने. एक म्हणाला, आजोबा, हत्ती घेतला असतात तर निदान स्वतः चालत वर आला असता. चहा दिला नाही.
पुढच्या खोलीत तेवढी जागा एकच, खिडकीजवळ. तिथे हिचं शिलाई मशीन होतं. ते बाथरूमसमोरच्या बोळात सरकवलं. तिथे बल्ब आहे. ही म्हणाली, काळ्या कापडावर काळा धागा बल्बखाली दिसतो का हो तुम्हाला? मी म्हटलं, मला दिसून काय करायचंय, मी थोडाच शिवतो? बिनतोड उत्तर. 
हमाल जायच्या आत खुर्ची आडवी करून घेतली आणि बुडाला पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, तारीख आणि नंबर एक घातला. वस्तू आली की आधी नंबर, मग बाकीचं. दुकानवाल्यांचा काय भरवसा, उद्या बदलून नेतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
ही लेकीकडे गेली. चार दिवसांसाठी, असं म्हणाली. जावई टेम्पो घेऊन आले होते. मशीनही नेलं. चार दिवसांना मशीन कशाला, हे विचारायचं राहून गेलं. जाताना म्हणाली, घ्या, आता ऐसपैस पाय पसरा. चांगल्या मनानेच म्हणाली असावी.
पाय पसरले.

९ फेब्रुवारी, रविवार.
फोनवर लेक म्हणाली, बाबा, आई म्हणतेय, खिडकी मोकळी झाली की कळवा. मी विचारलं, नाही झाली तर? ती म्हणाली, ते तुम्हीच ठरवा.
ठरवलं. खुर्ची परत करायची. माझं मत बदललं. माणसाला मत बदलायचा हक्क असतोच. सात दिवसांत वस्तू परत, असं पेपरात वाचलं होतं. कुठल्या वस्तूबद्दल होतं ते लक्षात नाही, पण सात हा आकडा पक्का आहे. खुर्ची मंगळवारी आली, म्हणजे अजून मुदत आहे. उद्या खुर्ची जाईल, परवा ही येईल. दूध अर्धा लिटर जास्त सांगून ठेवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार.
दुकानात गेलो. टायवाल्याने ओळखलं नाही. कंबर म्हटल्यावर ओळखलं.
तक्रार काय, म्हणाला. म्हटलं, तक्रार काही नाही, मत बदललं. तो म्हणाला, काका, खुर्ची बिघडली तर कंपनी बघेल. मत बिघडलं तर कोण बघणार? मग त्याने बिल उलटं करून दाखवलं. पंधरा दिवसांत बदलून मिळेल, पण न वापरलेली हवी, पैसे परत नाहीत. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. मी ठणकावलं, सात दिवस! कसले सात, म्हणाला. कायद्याचे. कुठल्या कायद्याचे? मी घड्याळ बघितलं आणि उशीर झाल्यासारखा बाहेर पडलो.
अर्धी लढाई जिंकली. दूध नासलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टला विचारलं. त्याने उभा जन्म कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप केले. म्हणाला, दुकानात जाऊन, बघून, बसून घेतलीत ना? मग मत बदलणं हा तुमच्या घरचा मामला. फोनवर मागवली असतीत किंवा कुणी दारात येऊन गळ्यात मारली असती तर वेगळं होतं. मी म्हटलं, अहो, गळ्यातच मारली! तर म्हणे, गळा तुम्हीच चालत नेलात त्यांच्याकडे.
ह्या माणसाचं ज्ञान ऐकीव आहे. पण एक कामाचं बोलला. मुळातला दोष निघाला तर दुकानाला ऐकावंच लागतं.
दोष शोधायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
सकाळी नऊ ते बारा बसून दोष शोधला. मिळाला नाही. दुपारी दोन ते पाच पुन्हा शोधला. मध्ये झोप लागली. खुर्चीत इतकी झोप लागणं हाच दोष धरता येईल का, टायपिस्टला विचारायला हवं.
हिचा फोन नाही. मी करणार नाही. काम झाल्यावरच करीन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
दोष सापडला! मागे रेलताना किर्र वाजतं. दुकानात कळवलं. आवाज कडक ठेवला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
मेकॅनिक आला. दोनदा बसला, एकदा उठला, फरशीवर टाच आपटली. किर्र फरशी करतेय, म्हणाला. आजोबा, तुमच्या दोघांत खुर्ची जास्त ठणठणीत आहे. मग कागद पुढे केला, 'ग्राहक समाधानी' छापलेला. तो घाईत होता, म्हणून सही केली.
जाता जाता खुर्ची कलती करून खाली बघितलं आणि तशीच धरून राहिला. हे काय? म्हटलं, नाव. माझं. तो म्हणाला, आजोबा, आता ही नवीन म्हणून परत कोण घेणार?
तेव्हापासून स्वेटर घालून बसलोय. हवा बदलली असावी.

१६ फेब्रुवारी, रविवार.
पॉलिशपेपरने नाव घासलं. नाव गेलं नाही, बुडाचं काळं कापड फाटलं. आता दोष आहे. टायपिस्ट म्हणतो, हा दोष तुमचा.
हिला जाऊन दहा दिवस झाले. चारच्या वर सहा. जेवण रोज एकदाच करतो, तब्येतीला चांगलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
पुन्हा दुकान. ह्या वेळी थेट मालकीणबाई. वय झालेल्या, चष्मा दोरीत अडकवलेला. भाषण पाठ केलं होतं, ग्राहक राजा वगैरे. का परत करताय, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून खिडकी निघाली. मग बोळ, बल्ब, काळा धागा, टेम्पो. थांबता येईना. टायवाला उगीच गिऱ्हाइकांच्या सोफ्याची धूळ पुसत राहिला.
बाई म्हणाल्या, हक्क म्हणून मागत असाल तर तुमचा काडीचा नाही. नाव घातलंत, कापड फाडलंत, कागदावर समाधानीही झालात. मग टायवाल्याकडे वळून म्हणाल्या, पण आण रे ती खुर्ची, इथे लोकांना बसून बघायला ठेवू. पैसे मिळायचे नाहीत. निम्म्या किमतीची क्रेडिट नोट देते, ह्याच दुकानात चालेल. मी म्हटलं, विचार करून सांगतो. टायवाला मागून हळूच म्हणाला, काका, विचार नका करू.
सही केली. कायद्यापुढे शेवटी त्यांना वाकावं लागलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
दुपारी खुर्ची गेली. तेच हमाल. 
लगेच लेकीला फोन केला, खिडकी मोकळी झाली म्हणून. ती म्हणाली, आईचे हात गुंतलेत बाबा, शाळेचे सत्तर गणवेश आलेत शिवायला. गॅलरीत मशीन लावून दिलंय, उजेड भरपूर आहे. पाचला ती स्वतःच फोन करेल, येणार का ते तीच सांगेल. मी म्हटलं, पाचला मला काम आहे, पण बघतो.
झाडून घेतलं. मशीन पुन्हा कुठे ठेवायचं ते ठरवायला उजेड कुठवर येतो ते बघावं, म्हणून खिडकीखाली फरशीवरच बसलो. चांगला येतो. गुडघ्यापर्यंत.
पाचला फोन वाजला. स्वयंपाकघरात, चार्जरला. उठायला गेलो. उठता येईना. धरायला हाताच्या टप्प्यात काही नाही, भिंत गुळगुळीत. फोन वाजून थांबला. परत वाजला. एका कुशीवर होऊन बघितलं, मग दुसऱ्या. थांबला.
आता साडेपाच. वही खिशात होती, म्हणून इथेच बसून लिहितोय. उचलला नाही ते एका परीने बरंच झालं. पहिल्याच रिंगला उचलला असता तर तिला वाटलं असतं, मी वाटच बघत बसलोय.