समुद्र परतायला लागणारी वर्षं

कालेता पेलुन,
९ मे २०१०

ती. इदिलियाताईस,
निबाल्दोचा सा. न. इथे बाबा आणि मी, दोघं बरे आहोत. तेमुकोत तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो.

फोनवर मी नुसता हूं हूं करतो ही तुझी तक्रार पोचली, म्हणून पत्र. लिहिताना निदान चुकलेलं खोडता येतं.

मला शाळेत घेतलं आहे. भूकंपानंतर सातवीचे सर गाव सोडून गेले, ते परतायला तयार नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंना मी सांगितलं की शिक्षकी अभ्यासाची माझी दोनच वर्षं झाली, पुढचं अर्धवट राहिलं. त्या म्हणाल्या, सध्या गावात पूर्ण असं काहीच उरलेलं नाही, तुम्ही सोमवारी या. शाळा टेकडीवर पत्र्याच्या दोन खोल्यांत भरते. मुलं एकवीस, बाकं अठरा. पाऊस लागला की माझा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नाही.

धडा नेमका पृथ्वीचा इतिहास आणि सरकणारे खंड. क्रमाने आला, मी निवडला नाही. मदतीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका केले. ब्राझीलच्या पोटावर ‘ही बाजू वर’ असा छापील बाण आला आहे. मुलांनी दोन्ही खंड जुळवले, लांब केले, पुन्हा जुळवले. ‘नाझ्का’ फळ्यावर लिहिण्याआधी मी तीनदा पुस्तक उघडलं. मग सांगितलं की समुद्रतळाचा हा भूपट्ट आपल्या दक्षिण अमेरिकेखाली घुसत असतो, आणि फेब्रुवारीत सगळा ताण एकदम सुटला, तेव्हा आपला किनारा पश्चिमेला काही मीटर सरकला आणि दीड मीटर वर उचलला गेला. यस्ना नावाची एक मुलगी आहे, गणितात तेज, जीभ त्याहून तेज. ती म्हणाली, सर, आपण समुद्राच्या जवळ गेलो आणि समुद्र आपल्याला बघून पळाला, म्हणजे आपलं तोंडच तसं असणार. वर्ग हसला. मीही हसलो असेन.

बाबांचं विचारलंस. खाडी कोरडी पडली आहे. पाण्याखाली शेवाळ लावायचो त्या वाफ्यांना भेगा गेल्यात, खडकांवरचे शिंपले मरून पांढरे झालेत. बाकीचे गडी लाकूडतोडीला लागले. बाबा रोज भरती-ओहोटीचा तक्ता बघतात आणि ओहोटी लागली की शेवाळ खोचायची दुबेळकी काठी घेऊन आपल्या वाफ्यावर जातात. दुपारची ओहोटी असेल तर ताटावरून उठून. तिथे आता दिवसभर ओहोटीच आहे, हे मी त्यांना म्हटलेलं नाही. शेवाळाच्या वाळक्या जुड्या चिखलात खोचत बसतात. समुद्र येईल तेव्हा वाफा लावलेला असला पाहिजे, म्हणतात.

लोभ आहे तेवढा पुरे. फक्त तो आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
निबाल्दो


तेमुको,
२३ मे २०१०

चि. निबाल्दोस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या भाऊजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, सर झाला म्हणजे आता जेवताना हात वर करून मीठ मागावं लागणार. त्यांचं सोड.

तुझ्या पत्रात बाकं मोजलेली आहेत, मुलं मोजलेली आहेत. आईचं नाव नाही. तू रडतोस का रे? फोनवर विचारलं की गप्प होतोस, म्हणून इथे विचारते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण प्रश्न वाचलास एवढं मला कळू दे.

बाबा शेवाळासाठी थांबलेले नाहीत. ते तुलाही माहीत आहे. भूकंपाच्या त्या रात्री सगळे टेकडीकडे धावत असताना आई कोंबड्यांचं दार उघडायला मागे फिरली आणि लाटेने नेली. ती सापडली नाही. समुद्र नेतो ते भरतीला परत आणून टाकतो, हे बाबांनी आपल्याला लहानपणापासून सांगितलं आहे. आता भरतीच खाडीत शिरत नाही. म्हणून ते वाट बघतात.

त्या फळ्यांच्या खोपटात त्यांचा हिवाळा निघणार नाही. गेल्या वर्षीचा खोकला आठव. मी मागची खोली रिकामी केली, चूल बसवून घेतली. मी ये म्हटलं की म्हणतात, तू गावची राहिली नाहीस. पाद्री समजवायला गेले तर त्यांना म्हणाले, तुम्हाला पोहता तरी येतं का. आता तू उरलास. तू सर आहेस, हेच शिकवतोस. त्यांना एकदाच नीट सांग की समुद्र परत येणार नाही. तुझं ऐकतील.

पोटभर जेव. माझा राग मनावर घेऊ नकोस, माया मात्र घे.

तुझी ताई,
इदिलिया


कालेता पेलुन,
४ जुलै २०१०

ती. इदिलियाताईस,
सा. न. बाबा आपणहून तयार झाले, येत्या शनिवारी दुपारच्या बसने तिकडे येत आहेत. स्टँडवर भाऊजींना पाठव. बरोबर एक पिशवी असेल. खोकला आहे, पण ताप नाही.

तुझा प्रश्न वाचला. नाही, रडत नाही. मी शिकवतो, फळा पुसतो, वह्या तपासतो. या धड्यात कोट्यवधी वर्षं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत माणूसच नाही. तिथे मला बरं वाटतं.

तू सांगितलंस तसं सांगायला मी महिनाभर शब्द जुळवत होतो. यंदा कोळ्यांच्या सणाला संत पेद्रोच्या मूर्तीची होडी पाण्यात घालता आली नाही. सहा जणांनी ती खांद्यावर घेऊन कोरड्या खाडीतून फिरवली. बाबा पुढे होते. पाण्याखालचे जुने खडक आता उघडे समोर दिसतात, तरी ते सवयीने हात करून होडी डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या सांगत होते, आणि सहाही जण त्याप्रमाणे वळत होते. ते बघितल्यावर त्या दिवशीही बोललो नाही.

शिवाय एक अडचण होती. किनारा मोजायला आलेले भूगर्भवाले शाळेत एक छापील कागद देऊन गेले. त्यात आहे की १८३५ च्या भूकंपातही इथली जमीन अशीच वर आली होती आणि मग वर्षाला साधारण एक सेंटीमीटर अशी पुन्हा खाली बसत गेली. म्हणजे समुद्र येणार नाही असं सांगणं खोटं झालं असतं.

गुरुवारी बाबाच वर्गात आले. टोपी हातात घेऊन दाराशी उभे. मुलांनी त्यांना मासळीचा क्रेट उलटा करून बसायला दिला. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं की समुद्र येणार की नाही, पुस्तक काय म्हणतं. मी म्हटलं, येणार. जमीन किती वर आली आणि किती वेगाने बसते ते आकडे फळ्यावर मांडले. यस्नाने माझ्याआधी तोंडी भागाकार केला आणि म्हणाली, दीडशे वर्षं, सर. मग बाबांकडे बघून हळू म्हणाली, पण आजोबा, येणार नक्की.

बाबांनी मला हिशेब पुन्हा करायला लावला. मी केला. आकडा तोच आला. हा अंदाज आहे, मागेपुढे होऊ शकतो, असंही सांगितलं. मागेपुढे म्हणजे माझ्या हयातीत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

ते टोपीची कड चाचपत बसले. मग म्हणाले, तोवर हद्दीचे दगड हललेले असतील, आणि यांची पतवंडं वाफ्यांवरून एकमेकांची डोकी फोडतील. तू लिहून ठेव. तुझं अक्षर स्वच्छ आहे.

खाडीच्या तोंडापासून एकेक पाऊल आठवत त्यांनी एकतीस वाफे सांगितले, कोणता कुणाचा, कुठून कुठवर. मी वहीत लिहिले, मुलांनीही उतरवून घेतले. प्रत्येक नाव पूर्ण विचारत होतो, आडनावासकट. सतरावा आपला. कागदोपत्री तो बाबांच्या नावावर आहे. ते म्हणाले, फ्रेसिया. आईचं नाव. मी इतरांचं विचारलं तसंच पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं: फ्रेसिया देल कार्मेन आरावेना. मी लिहिलं. त्यांनी माझी मान वर होईपर्यंत वाट पाहिली, मग अठरावा सांगितला.

त्यांच्याकडे तू बघशीलच. अधूनमधून माझ्याकडेही बघत जा.

तुझा,
निबाल्दो