चुकलेल्या पत्रिकांची वही

कोल्हापूर,
श्रावणातला दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या दानेश्वरीचे वाकून शरणार्थ.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुझा डावा गुडघा आता कसा आहे? (उजव्याची चौकशी करत नाही, त्याचं मागच्या खेपेला सविस्तर कळलं.) दाजींना म्हणावं, गुळाच्या ढेपेशेजारी खुर्ची टाकून बसलं की साखर वाढणारच. पाकिटावरचा सोनेरी गणपती बघून कुणाचं लग्न ठरलं म्हणून दचकू नकोस. आमचं दुकान बंद झालं तेव्हा अशी साडेचारशे पाकिटं शिल्लक राहिली. ती संपवायची तर पत्रंच लिहायला हवीत. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद बिचारा मध्ये बोलत नाही, म्हणून आज जरा लांबण लावते. यांच्याबद्दल तुझं मत काय आहे ते गेली चौतीस वर्षं मी ऐकते आहे, तरी शेवटपर्यंत वाच.

शिवाजी पेठेतलं आमचं लग्नपत्रिकांचं दुकान मागच्या दिवाळीला बंद केलं, हे तुला माहीत आहे. लोक हल्ली मोबाइलवरच पत्रिका पाठवतात, त्यात फुलं पडतात, सनई वाजते, त्यापुढे आमच्या कार्डाचं काय चालणार! यांनी शटर ओढलं आणि उरलेला माल तीन पोत्यांत भरून घरी आणला. नमुन्याची कार्डं, पाकिटं, सोनेरी फॉइलचे रोल, रेशमी गोंडे, घोटीव कागदाचे कपटे. पोती पुढच्या सोप्यात उभी राहिली आणि हे त्यांच्याशेजारी बसले. तिघांत चौथं पोतं म्हण ना. दिवसाला तीन शब्द: चहा, हं, राहू दे. रद्दीवाल्याला उद्या बोलावतो असं रोज म्हणायचे (हा चौथा शब्द), आणि रोज तो उद्या उद्यावर जायचा.

आमच्या वरच्या मजल्यावर श्रीपाल मास्तरांची सून राहते, ऐश्वर्या. तिला स्क्रॅपबुकचा नाद. म्हणजे काय ते सांगते. जाड पानांची वही घ्यायची आणि तिच्यात फोटो, तिकिटं, वाळलेली पानं, कागदाचे तुकडे असे काही चिकटवायचे की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाचं आयुष्य फार सुंदर गेलं. ती त्यासाठी कुरिअरनं चिटुकले कागद मागवते. एकदा पीठ मागायला खाली आली आणि आमच्या पोत्यात हात घालून तशीच उभी राहिली. म्हणाली, "काकू, मी विकत आणते ते सगळं तुमच्याकडं पोत्यानं हाय की!" पीठ विसरून गेली. दुसऱ्या दिवसापासून मी तिची शिष्या.

पहिला प्रयोग चहाचा. कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की तो शंभर वर्षांचा दिसतो. ऐश्वर्यानं सांगताना 'चहाचं पाणी' सांगितलं होतं, मी उरलेला चहाच घेतला, आलं-साखरेसकट. अंगणातल्या दोरीवर वीस पानं चिमटे लावून टांगली. उन्हात ती अशी तांबूस झाली अक्का, की मला वाटलं कुठल्या तरी राणीचा पत्रव्यवहार वाळत पडलाय. तिनं कुणाला काय लिहिलं असेल याचा विचार करत मी पायरीवर बसले ती कुकरच्या अकरा शिट्ट्या होईपर्यंत. उठून बघते तर प्रत्येक पानाच्या चारी कडांना बारीक काळी नक्षी, आणि नक्षी चालत होती. मुंग्या! (खरं सांगते, इतकी रेखीव किनार पुढे मला कधी जमली नाही.)

मग फॉइल. गोंदानं अक्षरं काढायची, वर फॉइल ठेवायचं आणि इस्त्री फिरवायची, की अक्षरं सोन्याची होतात. माझी झाली नाहीत. सगळं सोनं इस्त्रीच्या तळाला बसलं, आणि दुसऱ्या सकाळी तिथून यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर उतरलं. तो घालून हे पेन्शनरांच्या बैठकीला गेले. परत आले आणि आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. तिथं कुणीतरी विचारलं होतं म्हणे, "काय शशिधर, दुसऱ्यांदा उभारताय व्हय बोहल्यावर?" आणखी एक अडचण तुला म्हणून सांगते. पत्रिकेवरची वेलबुट्टी कापून घेतली की मागे देव उरतात. गणपती, महावीर, बसवेश्वर, जोतिबा. देव टाकायचे कुठं? बिस्किटांचा एक डबा भरला आहे. त्याचं झाकण लावताना मी दर वेळी नमस्कार करते आणि झाकण लावल्याबद्दल माफी मागते.

पण कापायला बसलं की दुपार कुठं जाते कळत नाही. नमुन्याच्या पत्रिकांवर खरीखुरी नावं असतात. गगनबावड्याची एक वधू, लग्न ऐन आषाढात. मला लगेच दिसतं, धुक्यात मांडव आहे, नवऱ्याला नवरी दिसत नाहीये, दोघं नुसत्या आवाजाच्या अंदाजानं हार घालतायत, आणि हार चुकून भटजींच्या गळ्यात. तिला आता मुलं किती असतील, ती मोठ्यानं हसत असेल की तोंडाला पदर लावून, असं करत करत कात्री थांबते. कात्री थांबली की खिडकीतलं ऊन कागदावरून पुढं सरकतं, आणि मी उन्हाच्या मागनं जाते. तू लहानपणी पाठीत धपाटा घालून मला जागं करायचीस, ते आता कुणी करत नाही. तसं बरंच आहे.

यांच्या तोंडून वाक्य निघालं ते कागदाच्या लगद्यामुळं. बारके कपटे भिजवून मिक्सरमधून काढायचे, चाळणीवर पसरायचे, की नवा कागद तयार होतो. मी पिवळ्या कार्डांचा लगदा करून पातेल्यात झाकून ठेवला आणि ऐश्वर्याकडं चाळणी मागायला गेले. परत येते तो हे ताटली-चमचा घेऊन बसलेले. उप्पीट समजून एक घास घेतला होता. मी दारातच गार झाले. त्यांनी सावकाश चावलं, जरा थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे आयव्हरी कार्ड हाय. दोनशे दहा जीएसएम. सांगलीच्या लॉटमधलं."

अक्का, सात महिन्यांतलं ते पहिलं लांब वाक्य. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्यांना मी पाणी द्यायचं विसरले. त्या दिवसापासून हे खुर्ची माझ्या बाजूला वळवून बसायला लागले. कात्री अशी धर, घडी हाडाच्या पट्टीनं घाल, कागदाला पण उभं-आडवं अंग असतं, ते बघून फाड. शिकवणी सुरू झाली.

आणि मग तिसऱ्या पोत्याच्या तळाशी मला एक गठ्ठा मिळाला. प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. हे बाजारात गेले होते. उघडला तर तीसेक पत्रिका, प्रत्येकीवर एका शब्दाभोवती लाल पेन्सिलीचं गोल. एका पत्रिकेत 'आग्रहाचे निमंत्रण'च्या जागी 'आग्रहाचे नियंत्रण'. दुसरीत 'आपली अनुपस्थिती हाच आमचा आहेर'. तिसरीत 'भजन: दुपारी १२ ते ३', (ती मंडळी घरून जेवून, टाळ घेऊन आली असतील का गं?). आणि एकीवर मोठ्या सोनेरी अक्षरात: 'शुभविवाद'. आयुष्यात जी जी चूक हातून छापली गेली, तिची एक एक प्रत या माणसानं जपून ठेवली होती. कुणाला न दाखवता. खरं तर सांगू नये, पण मी काय केलं ते तुला कबूल करते. मी त्यांना विचारलं नाही. ऐश्वर्याच्या घरी बसून त्या सगळ्यांची एक वही केली. प्रत्येक चुकीला चहात रंगवलेलं पान (या वेळी बिनसाखरेचं), भोवती रेशमी गोंडे, कोपऱ्यात वाळलेली शेवंती. आणि त्या पोरीनं ती उचलून राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं तिथं मांडली. मी नको म्हटलं, पण अगदी हळू म्हटलं.

यांना कुणीतरी सांगितलंच. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलच्या दारात उभे. हातात बाजाराची कापडी पिशवी, वही घालून न्यायला आणलेली. माझ्याकडं बघितलं नाही. टेबलाशी आले तर तिथं ही गर्दी, आणि गर्दीच्या मध्ये शिवाजी पेठेतल्या चिमणाबाई, कमरेवर हात ठेवून. 'शुभविवाद'च्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही आमची पत्रिका. कुणी छापली हुती ही?"

मला वाटलं आता हे मागच्या मागे निघून जाणार आणि परत तीन शब्दांवर येणार. यांनी पिशवीची घडी घातली, ती खिशात ठेवली, आणि म्हणाले, "मी. ह-च्या खणात द-चा खिळा पडला हुता. माझी चूक."

चिमणाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चूक कसली? अहो पावणं, एकतीस वर्षं झाली. लोकांच्या पत्रिकेत शुभविवाह लिवलेलं असतंय आणि घरात भांडणं. आमचं तेवढंच कार्ड बरोबर निघालं की!" असं म्हणून त्या अशा हसल्या की त्यांच्या मागं उभा असलेला त्यांचा नवरा आधी हसला, मग सगळा हॉल. हे हसले नाहीत. पण संध्याकाळी हॉलवाल्यानं दिवे घालवले तेव्हा हे टेबलामागे खुर्ची टाकून बसले होते, आणि दोन कॉलेजच्या मुलींना, खिळे जुळवायचे म्हणजे उलटं वाचायला कसं शिकावं लागतं, ते हातानं हवेत अक्षरं काढून दाखवत होते. पिशवी खिशातच राहिली. घरी येताना रिक्षात म्हणाले, "'भजन'च्या पानाला गोंडा जरा डाव्या अंगाला पायजे हुता."

आता रोज दुपारी आम्ही दोघं कापायला बसतो. हे मोजून कापतात, मी स्वप्नात कापते. रद्दीवाल्याचं नाव घरात निघत नाही.

दाजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा, विसरून चालायचं नाही.

तुझीच,
दानेश्वरी

ता. क. तुझ्याकडं जुन्या साड्यांच्या खोक्यातले पातळ कागद पडले असतील तर एसटीनं येणाऱ्या कुणाबरोबर पाठव. चुरगळलेले असले तरी चालतील.

ता. क. २. हे लिहायचं धाडस इतका वेळ होत नव्हतं. त्या गठ्ठ्यात तुझ्या लग्नाची पत्रिका पण आहे. एकवीस तारखेचं लग्न आणि छापली बारा. बेळगावकडची तेवीस माणसं नऊ दिवस आधी आली, आलोच आहोत तर लग्न करूनच जातो म्हणून राहिली, आणि आपल्या अव्वानं त्यांच्यासाठी नऊ दिवस भाकऱ्या थापल्या. प्रत्येक बारशाला, प्रत्येक जेवणावळीला हे तू सांगतेस. "ज्याला तारीख धड छापता येत न्हाय त्याच्या गळ्यात आमची दानेश्वरी पडली," हे शेवटचं वाक्य आता तुझ्या नातवंडांना सुद्धा पाठ आहे. हे मान खाली घालून जेवत राहतात. तर अक्का, ती पत्रिका मी वहीत लावली नव्हती, तुझ्या भीतीनं. परवा उलटी करून बघितली, तर मागं टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली. आपल्या आप्पांनी यांच्या छापखान्यात द्यायला मला मजकूर लिहून काढायला सांगितला होता, तीच. रेघांचा कागद, माझं अक्षर, आणि ठळक आकड्यांत 'दि. १२'. चूक माझी होती. आप्पा छापखान्यात ओरडत होते तेव्हा मी त्यांच्या मागंच उभी होते, आणि हा माणूस "माझी चूक" एवढंच म्हणाला होता.

मी चिठ्ठी यांच्यापुढं ठेवली. विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" कात्री चालू ठेवून म्हणाले, "वार आणि तारीख जुळत नव्हती. कळलं की."

"मग छापायच्या आधी विचारलं का नाही?"

"अक्षर लई देखणं हुतं. चुकलंय म्हणून परत द्यायला जीव झाला न्हाय." पुढची कड कापता कापता, "आणि चूक झाली की गिऱ्हाईक परत येतंय दुकानात."

चौतीस वर्षांनी मी लाजले गं. बारीक तोंड करून चिठ्ठी परत टाचली.

ता. क. ३. एवढी लांबण याच्यासाठी लावली. पुढच्या महिन्यात तुझ्या नव्या नातीच्या बारशाला आम्ही गडहिंग्लजला येतोय. जेवणाच्या पंगतीत तू ती गोष्ट सांगशीलच. सांग, पण या वेळी बरोबर सांग. मला सगळ्यांसमोर बोलायला जमायचं नाही, तुझा आवाज मोठा आहे.

ता. क. ४. (वेगळ्या अक्षरात) अक्का, शरणार्थ. पत्र टाकण्याआधी तपासायला माझ्याकडे दिले. शुद्धलेखनाच्या अकरा चुका सापडल्या. एकही दुरुस्त केलेली नाही. गोष्ट जुनीच सांगा. तीच चांगली आहे. — शशिधर