विहीर कुणी ठरवली?

वडगाव, बेळगाव
८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पा,

निशाचा सादर जयजिनेंद्र. इकडे सगळं ठीक. कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकल चालू आहेत. शेजारचे माग सकाळपासून खडखडतात, त्याची सवय झाली. फोनवर तुम्ही "बरं, ठेव" म्हणता, म्हणून हे पत्र अभिनंदनदादाच्या हाती देतेय.

दादा म्हणाला, हृदयाच्या ऑपरेशनला तुम्ही नकार दिलात. डॉक्टरांना म्हणालात, "सर्वज्ञ केवलीला पुढचं सगळं दिसलंय, ते चुकत न्हाय." वर स्वाध्यायाला जमलेल्यांना दाखलाही दिलात: प्रकाश सर्वांत कमी वेळाची वाट धरतो, म्हणजे मुक्काम त्याला आधीच ठाऊक असतो. निवृत्त झालात तरी विज्ञानाचे मास्तर तुम्ही, तुमच्यापुढं कोण उलट बोलणार? मी बोलते.

लहानपणी तुम्ही आम्हाला घरापासून शेतातल्या विहिरीपर्यंत पळवायचात. सडकेवर पाय पळतो, नांगरटीत रुततो. मग सडक सोडायची कुठं? दादा दारातूनच सरळ रेघेत सुटायचा आणि ढेकळांत आपटायचा. मी सडकेनं जरा पुढं जाऊन वळायचे आणि जिंकायचे. पाण्यात शिरताना प्रकाशही असाच वळतो, असं तुम्ही सांगितलंत. मी विचारलं, मग त्याला विहीर ठाऊक असते का? तुम्ही म्हणालात, "न्हाय गं. विहीर आपण ठरवली, मग वाट काढली. त्यो निस्ता पुढचं पाऊल टाकतो."

आप्पा, केवलीला दिसलं असेल. तुम्हाला दिसलंय का?

आता लिहायचं टाळत होते ते. आई गेली त्या दुखण्यात डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, तेव्हाही तुम्ही केवलीचं हेच वाक्य म्हणालात. मी तिच्या पलंगाशेजारीच होते. बोलले नाही, कारण त्या शनिवारी धारवाडला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती आणि ते वाक्य मला सोयीचं पडलं. परीक्षेत प्रकाशाच्या वाटेचा हाच सिद्धांत मी घडाघडा समजावून सांगितला. पुढं तीन वर्षं सगळा दोष तुमच्या माथी मारून निपाणीला यायचं टाळलं. मला त्याची लाज वाटते. माफ करा.

सोमवारी सकाळी सातला गाडी घेऊन दारात येते. रिपोर्टांची फाईल आणि स्वेटर काढून ठेवा. दवाखान्यात सूर्यास्ताआधी जेवण मिळतं, मी विचारून ठेवलंय. ऑपरेशननंतर काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. नको म्हणालात तर ओट्यावर बसून राहीन. आईच्या वेळी बसायला हवं होतं.

फक्त पुढचं पाऊल ठाऊक असलेली,
तुमची
निशा