म्यूट

३ मार्च
दादाला जाऊन तीन आठवडे. आजपासून डायरी. निश्चय: रडगाणं नाही, फक्त निरीक्षणं.
हार्ट अटॅकची ती सरकारी जाहिरात आज सात वेळा लागली. नीट पाहणारा घरात मी एकटाच. जाहिरात लागली की म्यूट, हा दादाचा नियम. तो मी पाळतो. चित्र पुरेसं बोलतं. समोर तोंड करून बसलेला माणूस घामाघूम होतो आणि हात चोळतो. उजवा.

५ मार्च
दादा त्या दिवशी डावा चोळत होता. म्हणून तर मी म्हणालो, काही नाही, पडून राहा. लोक डावा-डावा करतात, पण सरकारने डॉक्टरांना विचारूनच जाहिरात केली असणार. दादाचं लक्षण त्यात नव्हतंच. कोणाला काय कळणार होतं?

८ मार्च
वहिनीने विचारलं, भाऊजी, हात का चोळताय? कपाट सरकवलं म्हणालो. म्हणाली, कपाटामागची जाळी मोजून दाखवू का? नको तिथे लक्ष.
डावाच आहे. निश्चिंत.

९ मार्च, सकाळी ११
जिन्यात मध्येच बसलो. घाम. उकाडा फार. उद्यापासून सहाला फिरायला जाणार.

१० मार्च, सकाळी
गेलो नाही. सोमवारपासून.

दुपारी ४
वहिनीला शेवटी जाहिरात दाखवून समजावलं. ती ऐकून घेत होती. मग माझ्यासमोर उभी राहिली, तशीच हात चोळत. कोणता, म्हणाली. उजवा, म्हणालो. भाऊजी, जरा माझ्या शेजारी येऊन उभे राहा, म्हणाली.
राहिलो.
ती चोळत होती तो हात डावा होता. मग तिने विचारलं, यांनाही हेच सांगितलंत?
मी मान हलवली. ती टॅक्सी बोलवायला गेली. टॅक्सीची वाट बघत लिहितोय. घाम येतोय. तो उकाड्याने नाही.

१३ मार्च, हॉस्पिटल
एक नळी बंद होती, उघडली. वहिनी बाकावर बसून असते. बोलत नाही. डबा मात्र आणते.
वॉर्डात टीव्हीला आवाज आहे. 'डावा हात दुखतोय? थांबू नका,' त्याच जाहिरातीतली बाई म्हणते. किती स्पष्ट म्हणते.
शेजारच्या कॉटवरचे काका वैतागले, ही बया डोकं खाते, म्यूट करा कोणीतरी. रिमोट शोधतायत सगळे.
माझ्या उशीखाली आहे.