टोरांटो दौऱ्याची पूर्वतयारी

रविवार, १ मार्च २०२६. सकाळी ७.१०

आजपासून ही वही केवळ टोरांटो दौऱ्यासाठी. वाचक एकच, मी स्वतः. म्हणून नम्रतेची गरज नाही, अचूकतेची आहे.

वस्तुस्थिती अशी. विश्वचषक फुटबॉलचे काही सामने यंदा कॅनडात, टोरांटो शहरी आहेत. कन्या मृणाल तेथे नोकरीस आहे. तिने २० जूनच्या सामन्याची दोन तिकिटे मिळवली: एक माझे, एक सौ.चे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या संघाचा राखीव गोलरक्षक होतो. मैदानात उतरण्याची वेळ आली नाही, कारण मुख्य गोलरक्षक वर्षभर आजारी पडला नाही. खेळाची जाण मात्र तेव्हापासून शाबूत आहे.

डोंबिवली एमआयडीसीतील कारखान्याचे स्टोअर्स मी एकतीस वर्षे सांभाळले. गेल्या ऑक्टोबरात निवृत्त झालो तेव्हा एक बोल्टही कमी नव्हता. दोन माणसे टोरांटोला नेऊन परत आणणे त्यामानाने किरकोळ आहे. मुक्काम एकवीस दिवस. त्याहून एक दिवसही जास्त नाही, असे मृणालला बजावले, कारण जुलैत सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांची सफाई माझ्या देखरेखीखाली व्हायची आहे.

सौ.ला कार्यक्रम सांगितला. म्हणाली, मृणालने मागेच सांगितलंय. मग पोळी उलटली. उत्साह दिसला नाही. तो निर्माण करावा लागेल.

बुधवार, ११ मार्च

सौ.चे फुटबॉल-शिक्षण सुरू. वेळ दुपारी ४ ते ५. आज ऑफसाइड. ओट्यावर मांडणी केली: साखरेचा डबा गोलरक्षक, डाळीचा डबा शेवटचा बचावपटू, जिऱ्याची बाटली हल्लेखोर, सुपारी चेंडू. समजावले, की सुपारी सुटण्याआधीच जिरे डाळीच्या पुढे गेलेले दिसले, की पकडले जाते.

सौ. बराच वेळ डब्यांकडे पाहत होती. मग विचारले, आणि चेंडू सुटल्यावर पळालं तर?

तर चालते, मी म्हणालो.

म्हणजे वेळ साधायची. आधी कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही.

अगदी बरोबर, मी म्हणालो.

ग्रहणशक्ती अपेक्षेपेक्षा चांगली.

सोमवार, ६ एप्रिल

व्हिसाच्या कामी सौ.ला वैद्यकीय तपासणीस बोलावले, मला नाही. माझी प्रकृती अर्जावरूनच लक्षात आली असावी.

मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाली, नको, मी जाऊन येईन. दाराजवळच्या खुंटीवर अकरा वर्षे एक वही टांगलेली आहे: कोण बाहेर गेले, किती वाजता, कशासाठी, किती वाजता परतले. (कोण म्हणजे सौ. माझी ऑफिसची वेळ सर्वांना ठाऊक होती.) आज 'कारण' या रकान्यात तिने लिहिले: काम. परत आल्यावर सुचवले, की एवढे पुरेसे नाही, कसले काम हेही हवे. तिने पेन घेतले आणि पुढे एक शब्द वाढवला: माझे.

रकाना तांत्रिकदृष्ट्या भरला गेला आहे. विषय वाढवला नाही.

शनिवार, १८ एप्रिल

दोघांचे व्हिसा आले. माझा साधा. सौ.चा 'सुपर' नावाचा. मृणालला फोन केला. म्हणाली, बाबा, तो पालकांसाठी असतो. मी म्हणालो, मीही पालकच आहे. ती म्हणाली, हो, पण तुम्हाला एकवीसच दिवस यायचंय ना? तुम्हीच बजावलंत.

ते खरे आहे.

विम्यात मात्र उघड चूक आढळली. माझा विमा एकवीस दिवसांचा, सौ.चा पूर्ण एक वर्षाचा. कंपनीला पत्र लिहिण्यास बसलो. सौ. म्हणाली, असू द्या, त्यांची चूक त्यांना निस्तरू दे. तिचा स्वभाव पहिल्यापासून असाच, सोडून देण्याचा.

रविवार, ३ मे

भाऊ कॅरम खेळायला आला. खालच्या मजल्यावर राहतो. आमच्याच कारखान्यात बॉयलरवर होता. मूळ खाडीकाठचा कोळी. तरुणपणी गावच्या संघातून अनवाणी फुटबॉल खेळत असे, असे सांगतो. प्रमाणपत्र नाही.

आतल्या खोलीत सौ.ची उघडी बॅग दिसत होती. भाऊ स्ट्रायकर हातात धरून म्हणाला, सायेब, वहिनी बॅग भरतान का घर?

पूर्वतयारी, मी म्हणालो. प्रवासाला सहा आठवडे आहेत.

म्हणाला, आमची होडी पंधरा दिवसांसाठी दर्यात जाते तवा पन इतकं सामान नाय चढवीत. परत यायचं असतं ना.

विमानाचे आणि होडीचे नियम वेगळे असतात, हे त्याला समजावले. त्याने मान हलवली आणि राणी घेतली. जिंकल्यावरही दुसरा डाव मागितला नाही.

गुरुवार, १४ मे

ठाण्यास गेलो. नौपाड्यातील दुकानात सौ.ने हिवाळी कोट घेतला. गुडघ्यापर्यंत येणारा, टोपीला अस्तर असलेला. बाहेर अंगाची लाही होत होती. मी टोरांटोच्या जूनमधील तापमानाचा छापील तक्ता खिशातून काढून दुकानदारालाच दाखवला. तो म्हणाला, ताई, मग हा कशाला? सौ. म्हणाली, पुढे लागेल.

पुढे म्हणजे विमानात. ए.सी. फार असतो म्हणतात.

कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली. घाम आला, तरी काढेना. दुकानदाराने पंखा तिच्याकडे वळवला. मी दोनदा घड्याळ दाखवले.

मंगळवार, २६ मे

बॅगांचे वजन केले. माझी १४.३ किलो. सौ.ची २२.९, म्हणजे मर्यादेच्या आत शंभर ग्रॅम. हे तिला वजनकाट्याशिवाय कसे साधले, ते कळले नाही.

तिच्या बॅगेची तपासणी: हिवाळी कोट १. चष्मे ३. लग्नाआधीच्या शिवणवर्गाचे प्रमाणपत्र, प्लास्टिकच्या पाकिटात. तिच्या आईचा फोटो, जो देवघराशेजारी होता. भिंतीवर आता फिकट चौकोन दिसतो. थायरॉइडच्या गोळ्या ३६५. मी दोनदा मोजल्या. एकवीस हव्या होत्या. केमिस्टने गठ्ठ्याने खपवलेल्या दिसतात. तसे सांगितले, तर म्हणाली, मोजून झालं असेल तर परत तसंच लावा, घडी मोडू नका.

रात्रीच्या जेवणात मीठ नव्हते. असे प्रथमच घडले. सौ. आपल्या ताटातले शांतपणे जेवली. बहुधा तिलाही जाणवले नाही.

रविवार, ७ जून

अत्यंत समाधानाचा दिवस.

निवृत्तीच्या वेळी मी माझ्या जागी आलेल्या माणसाला स्टोअर्सचा चार्ज दिला, तेव्हा चौदा पानी यादी केली होती: वस्तू, संख्या, जागा, शेरा, तळाशी 'देणार' आणि 'घेणार' यांच्या सह्या. माझे अक्षर बरे नसल्याने ती सौ.ने लिहून काढली होती. आज तिने त्याच नमुन्यात आमच्या संपूर्ण घराची यादी माझ्यापुढे ठेवली. अकरा पाने. विचारले, कशासाठी? म्हणाली, तुम्हाला सगळं लिहिलेलं लागतं ना.

एकोणतीस वर्षांनी संस्कार रुजला.

दोन तास पडताळणी केली. क्र. १: दाराच्या किल्ल्या, २ नग, दोन्ही तुमच्या जुडग्यात. क्र. १९: मिक्सर, १ नग, छोटे भांडे हाताने दाबून धरणे. क्र. ४४: शर्टांची बटणे, निळ्या डबीत, सुई-दोरा तेथेच. क्र. ५२: तुळस, १, दाराबाहेर, रोज पाणी. सर्व बिनचूक. चूक एकच सापडली. क्र. २७: कुकर, १ नग, वरणास डाळ अर्धी वाटी, ३ शिट्ट्या. अर्ध्या वाटीत एकट्याचेच वरण होते. लाल पेनने 'एक वाटी' अशी दुरुस्ती करून शेजारी आद्याक्षरे घातली. सौ. पाहत होती.

प्रत्येक पानावर 'घेणार'समोर मी सही केली. 'देणार'समोर तिने पूर्ण नाव लिहिले, निशिगंधा. सही चांगली मोठी आहे. यापूर्वी लक्षात आले नव्हते.

सोमवार, १५ जून. दुपारी १२.४०

टॅक्सी खाली उभी आहे. भाऊची पत्नी मालन सौ.च्या गळ्यात पडून रडली. तीन आठवड्यांसाठी हे अतिरंजित वाटले. भाऊ माझा हात धरून म्हणाला, सायेब, जेवायला खाली येत जा. मी म्हणालो, आम्ही येथे नसणार. म्हणाला, आल्यावर.

खुंटीवरच्या वहीत नोंदी केल्या. माझी: बाहेर १२.४०, कारण टोरांटो, परत ७ जुलै (अपेक्षित). सौ.ने वेळ आणि कारण लिहिले, शेवटचा रकाना तसाच ठेवला. मी म्हणालो, तोही भर. म्हणाली, अहो, चला, तो खाली हॉर्न वाजवतोय.

शनिवार, २० जून. टोरांटो

स्टेडियमवर तीन तास आधी पोहोचलो. प्रत्येक घटना मिनिटानुसार नोंदवण्यासाठी छोटी वही नेली होती. सौ.ने मृणालची टोपी घातली होती.

गोल झाला तेव्हा मी त्याआधीच्या कॉर्नरची नोंद करीत होतो. त्यामुळे गोल दिसला नाही. मिनिटही नोंदवता आले नाही. सौ. मात्र उभी राहून ओरडली. दोन्ही हात वर. पलीकडची परकी बाई तिच्या गळ्यात पडली, हीही पडली. एकोणतीस वर्षांत तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. मी म्हणालो, खाली बस, मागच्यांना दिसत नाही. मागचेही उभेच होते.

विचारले, ऑफसाइड नव्हता ना?

नाही, म्हणाली. वेळेवर सुटला. मी नीट पाहिलं.

गुरुवार, २ जुलै. सकाळी १०

परतीच्या बॅगा भरण्याचा ठरलेला दिवस. माझी ९.१५ ला भरून झाली. सौ.ची पलंगाखालून ओढली, तर रिकामी. कोट कपाटात हँगरवर. गोळ्या ड्रॉवरमध्ये. आईचा फोटो भिंतीवर, खिळा ठोकून.

मी म्हणालो, तुझे अजून काहीच झाले नाही. म्हणाली, अहो, बसा जरा. मृणाल सिंकपाशी एकच ताट धूत राहिली.

सौ. म्हणाली, मी परत येत नाहीये. आत्ता तरी.

मी विचारले, आत्ता म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?

ती म्हणाली, हेच. हेच ते.

'ते' म्हणजे काय, याचा खुलासा झाला नाही. मी शांतपणे सांगितले, की कोणतीही जागा अशी सोडता येत नाही. चार्ज द्यावा लागतो, यादी लागते, घेणाऱ्याची सही लागते. ती उठली. पर्समधून अकरा पानांची घडी काढून टेबलावर ठेवली. झेरॉक्स होती. प्रत्येक पानावर माझी सही. तारीख ७ जून. हरकत नोंदवलेली नाही.

मृणाल म्हणाली, बाबा, प्लीज भांडू नका. मी भांडत नव्हतो. पाने क्रमाने आहेत का, ते पाहत होतो.

क्रमाने होती.

रविवार, ५ जुलै. विमानतळ

बॅग १४.३ किलो. जातानाइतकीच.

तिकिटे मृणालने काढली होती. आज प्रथम पाहिले, की माझे जाण्या-येण्याचे आहे, सौ.चे फक्त जाण्याचे. निघताना मी केवळ जातानाची तारीख आणि आसन तपासले होते. तपासणीत ही त्रुटी राहिली.

सौ. निरोपाला आली. पोळ्या आणि सुकी भाजी बांधून दिली. म्हणाली, तुळशीला पाणी. म्हणाली, बी.पी.ची गोळी नाश्त्यानंतर, आधी नाही. म्हणाली, पोचलात की फोन करा.

किती वाजता, मी विचारले.

कधीही, ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझ्या मागे रांग होती.

मंगळवार, ७ जुलै. दुपारी १.०५. डोंबिवली

पोहोचलो. दोन्ही किल्ल्या जुडग्यात, क्र. १ प्रमाणे. दिवसभर क्रमाने पडताळणी करण्याचा संकल्प होता. क्र. ९ पर्यंत केली. सर्व बरोबर.

तुळस जिवंत आहे. भाऊ येत होता.

फोन केला नाही. साडेनऊ तासांचा फरक आहे. निशिगंधा झोपलेली असेल.

वहीत माझ्या ओळीत 'परत' लिहिले. तिच्या ओळीतला रकाना रिकामा. नियमानुसार दिवस संपण्यापूर्वी भरला पाहिजे. नियम माझाच आहे.

भाऊ जेवायला बोलवायला आला. मालनने कालवण केलंय, म्हणाला. सांगितले, की गरज नाही, माझ्याकडे यादी आहे. तो खाली गेला.

क्र. २७ प्रमाणे वरण लावले. एक वाटी, तीन शिट्ट्या. चांगले झाले.

अर्धे उरले. यादीत मुळात अर्धीच वाटी होती. दुरुस्ती माझी.