ठकी बोलली, त्याची ओली हकिकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी दोन-तीनच अंगं जमिनीपर्यंत पोचली, बाकीची पोचली असं धरून चाल.) तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस ना, की शेजारणीला शेक घ्यायला सांगून स्वतः खिडक्या पुसतेस? परवा तू फोनवर विचारलंस की ठकी बोलली म्हणतोस, तर नीट सांगत का नाहीस, आणि मी "सविस्तर लिहितो" म्हणून फोन ठेवला. तुला राग आला असेल, पण त्या वेळी माझ्या हाताला कणीक लागली होती आणि त्यातली थोडी फोनलाही. आता हात धुऊन बसलोय.

तुला ठाऊकच आहे, आमची नात अडीच वर्षं ओलांडून गेली तरी अवाक्षर काढत नव्हती. कान तपासून झाले, कान ठणठणीत. हवं ते बोटाने दाखवायची, नको ते ढकलायची. आपल्या घराण्यात कमी बोलणारं कुणी जन्मलेलं नाही (तुझ्या वर्गातून सुटलेली मुलं साक्ष देतील), तेव्हा ही कुणावर गेली, यावर सगळ्या नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं. मी हसण्यावारी न्यायचो, पण सूनबाईचा चेहरा बघवत नव्हता. जिन्यातून कुणाचं ठकीहून लहान पोर बडबडत गेलं, की ती आमचं दार हळूच लोटून घ्यायची. मलाही आत तुटायचं, ताई.

शेवटी लहान मुलांच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, औषध देतील, निदान जिभेचा व्यायाम तरी. त्यांनी विचारलं, घर कसं आहे. मी छाती फुगवून सांगितलं, सगळं जागच्या जागी, जमिनीवर कागदाचा कपटा सापडायचा नाही. बाई म्हणाल्या, "मग ती हात कशात घालते? आधी हात चालू देत आजोबा, मागोमाग तोंडही चालेल." आता हात चालणं आणि तोंड चालणं म्हणजे काय, हे आपल्या घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. मी दचकलोच. मग त्यांनी समजावलं, की मूल ओतून, चेपून, चिवडून, पाडूनच शिकतं. वस्तू आधी हाताला कळते, मग तिचा शब्द सापडतो. पाणी द्या, कणीक द्या, डबे द्या, आणि शेजारी बसून जे चाललंय ते बोलत राहा.

येताना मी दुकानातून बुद्धीला चालना देणारा लाकडी खेळ घेतला. ठकी खोक्यात शिरून बसली. खेळ मी पूर्ण केला. (अवघड आहे गं, तीन वर्षांच्या मुलाला कसा जमायचा?) दुसऱ्या दिवशी कणकेचा गोळा घेऊन जमिनीवर बसलो. तिने त्यातले दोन तुकडे माझ्या चष्म्यावर थापले आणि मी आज्ञेप्रमाणे बोलत राहिलो. पण माझा जन्म गेला ग्रंथालयात. तिथे कुणी मोठ्याने शिंकलं तरी मी ओठांवर बोट ठेवायचो. त्यामुळे सगळं कुजबुजत, तेही छापील भाषेत: आता आपण या पिष्टगोलकास सपाट करीत आहोत. पोर अशी बघायला लागली, जणू म्हातारा काहीतरी लपवतोय. सूनबाई दारात उभी होती. फार दिवसांनी खदखदून हसली आणि म्हणाली, "बाबा, आपण काय चोरी करतोय? जरा मोठ्याने." मग मी असा आवाज लावला, की समोरच्या दारातून कुणीतरी विचारून गेलं, भांडण कुणाशी चाललंय.

आणि मग आलं पाणी. बैठकीत मधोमध बादली, एक मग, एक नरसाळं आणि अरुंद तोंडाची बाटली. ठकी जीभ बाहेर काढून थेंब थेंब बाटलीत भरत होती. एवढं लक्ष लावून मी उभ्या आयुष्यात कुणाला वाचताना पाहिलं नाही. बाटली गळ्यापर्यंत आली आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, आधार द्यावा. पुढे सरकलो, कोपर बादलीला लागलं, आणि अख्खी बादली थेट पुस्तकांच्या कपाटाकडे निघाली. खालचा कप्पा म्हणजे माझे शब्दकोश. मी पुतळा होऊन बघत राहिलो. ठकीने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "सांडलं."

सूनबाई पलित्यासारखा झारा घेऊन धावत आली. कोण बोललं, म्हणून विचारते. मी नाही बोललो, एवढंच मला म्हणता आलं. मग आम्ही दोघांनी काय केलं असेल? आणखी एक बादली भरून आणली आणि ओतली. पुन्हा "सांडलं". मुलगा कामावरून आला, त्याच्यासाठी तिसरी. तो बूट-मोजे घातलेला तसाच पाण्यात बसून रडला, आणि आम्ही सगळे हसत होतो. आता शब्दकोश दोरीवर वाळताहेत. चिमटे ठकीने लावले (चिमटा दाबला की बोटांना बळ येतं, असं बाई म्हणाल्या, म्हणून रोज काढून पुन्हा लावतो). "ओत", "अजून" आणि "माझं" हे शब्दही आलेत, आणि "नको" तर हुबेहूब तुझ्या ठसक्यात. घराचा उकिरडा झालाय आणि इतकं सुख मी ओळीने कधी भोगलं नव्हतं.

बाकी क्षेम. कंबरेला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पुढच्या आठवड्यात येते आहेस तर ठेवणीतले कपडे आणू नकोस. आणलेस तर जबाबदारी माझी नाही.

ता. क. आणखी एक, आणि खरं सांगायचं तर एवढं पुराण याच्यासाठीच लावलं. त्या दिवशी ठकी माझ्याकडे बघत बोलली ना, तेव्हापासून सांडलं हे माझंच नाव आहे असं ती समजते. मी दारात दिसलो की "सांडलं आलं." मुलगा आणि सूनबाई तिला "आजोबा" शिकवू बघताहेत. तू आलीस की संध्याकाळपर्यंत घोकून घेशील. आम्हा भावंडांचे उच्चार तूच घासूनपुसून काढलेस, मला माहीत आहे. एवढं करू नकोस, ताई. शिकेल सावकाश. काल मी भाजी घेऊन येत होतो, तर गॅलरीतून तिने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सांडलं!" येणारेजाणारे सगळे खाली बघायला लागले. मी वर बघितलं आणि ओ दिली.