न सांगता कापलेल्या कडा

मी, ओरिन हॅलोरन, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, राहणार अक्रन, ओहायो, पूर्वीचा धंदा बेसबॉल कार्डांचे, म्हणजे संग्राहक जमवतात त्या खेळाडूंच्या छापील चित्रांचे दुकान, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व मिळकत माझा धाकटा भाऊ लायल याच्या नावे होती. लायल गेल्या हिवाळ्यात वारला.

एक. लायलची हत्यारे माझ्या तळघरात आहेत. दुकान आम्हा दोघांचे होते. मी गिऱ्हाईक बघायचो, तो माल. त्याच्या हाताला देणगी होती. जुन्या कार्डाची झिजलेली कड तो अशी कापायचा की कार्ड कालच पाकिटातून निघाल्यासारखे दिसे. हे तो गिऱ्हाइकांपासून लपवतो, हे मलाही ठाऊक नव्हते. त्याचे कागद सपाट करायचे दाबयंत्र सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकदुरुस्ती विभागाला द्यावे. तिथे दुरुस्ती केली की पुस्तकाच्या आत तशी नोंद करतात. कडा कापायची पाती मोडून टाकावीत.

दोन. एमिल क्रॅविट्झ या खेळाडूचे कार्ड. हे निवृत्त पोस्टमन गिल्बर्ट मार्शंड यांनी आमच्याकडून अस्सलच्या भावाने घेतले होते. कार्डांची पारख करणाऱ्या कंपनीकडून ते ‘कडा कापलेल्या’ असा शेरा घेऊन परत आले, तेव्हा मार्शंड दुकानात येऊन टोपी हातात धरून उभे राहिले.

लायल हसला. “बाईने केस रंगवले तर कोणी पोलीस बोलावतं का?”

“ती केस विकायला बसलेली नसते, लायल,” मी म्हणालो.

मार्शंड एवढेच म्हणाले, “आधी सांगितलं असतंत तरी मी घेतलं असतं हो. लहानपणी माझ्याकडे हेच होतं. आता मी बायकोला काय सांगू?”

खटला झाला. मला शपथेवर विचारले, ही फसवणूक म्हणायची का? लायल समोरच बसला होता, आईने दिलेला टाय लावून. मी ‘हो’ म्हणालो. आजही तेच म्हणेन. कापणे हा गुन्हा नाही. कापून गप्प बसणे आणि अस्सलचा भाव घेणे, हा आहे. त्याला शिक्षा झाली, दुकान बंद पडले, आणि माझा भाऊ माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

मार्शंड यांनी परत केलेले ते कार्ड माझी पुतणी थिया हिने ठेवावे. विकल्यास आधी सगळे सांगून विकावे.

तीन. चुलतभाऊ बर्ट याने चर्चच्या दारात मला “भावाचा गळा कापणारा” म्हटले. त्याला काही नाही. माझी शिडी त्याच्याकडे आहे, ती राहू द्यावी.

चार. घर, बँकेतील ठेव व गाडी लायलची मुलगी थिया हिला. कारण लिहून ठेवतो. लायल शेवटचा आजारी असताना मी इस्पितळात गेलो. थिया आत जाऊन आली आणि दारातच थांबली.

“काका, बाबा झोपलेत असं सांगायला सांगितलंय त्यांनी. पण ते जागे आहेत. तुमचा आवाज ओळखला त्यांनी.”

मी बाकावर बसून राहिलो. तिने माझ्या हातात कॉफी दिली. आत तो खोकला की मला ऐकू येत होते. मी खोकलो की त्यालाही येत असणार. संध्याकाळी मी घरी आलो. पुन्हा भेट झाली नाही.

पाच. दफनभूमीत लायलच्या शेजारची जागा रिकामी आहे. थियाची हरकत नाही. मला तिथे पुरावे. दगडावर फक्त नाव घालावे. त्याला माझ्याशी बोलायचे नव्हते, हे मला माहीत आहे. मी त्याला बोलायला लावणार नाही. नुसता शेजारी राहीन.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

ओरिन हॅलोरन
अक्रन, ओहायो. ९ मार्च २०१९

साक्षीदार:
हेझल ब्रॉडी, शेजारीण
लेनर्ड ओस्गुड, निवृत्त शिक्षक